बुंध्यावरची पांढरी अळंबी

उबासावाला माझी दुकानगाडी मंगळवारी आणि शुक्रवारी चढायची. मागे बर्फाच्या खोक्यांत मासे, मधल्या फळीवर तोफू, अंडी, पाव, सोयाच्या बाटल्या, साबण, आणि पुढे माझ्या शेजारी रेडिओ. अकिताच्या डोंगरांतली ही वाडी अगदी वरच्या टोकाला आहे, तिच्यापुढे रस्ताच नाही. देवळाच्या पायऱ्यांशी गाडी लावून भोंगा वाजवला की बायका एकेक करून उतरायच्या. मासे कालचे आहेत, तोफू दर वर्षी लहान होतोय आणि ओनोदेरासान, म्हणजे मी, दर वर्षी मोठे होतायत, असं सगळं मला ऐकवून झालं की मग खरेदीला सुरुवात.

हात्सुएसान सगळ्यांच्या मागून यायच्या. ओईकावा शोझो यांच्या त्या बायको. त्यांचं घर शेवटचं, देवदारांच्या उताराला टेकलेलं. मूलबाळ नव्हतं. शोझोसान जंगलखात्यात मजुरीला होते. घरामागचा तो उतार त्यांनी तरुणपणी आपल्या हातांनी लावला होता आणि पुढे झाडं दाटली तेव्हा त्यातली निम्मी त्यांनीच पाडली. पाडलेल्या झाडांचे बुंधे तिथेच राहिले, शेवाळले, कुजले, आणि त्यांच्यावर कानोका यायला लागली.

कानोका म्हणजे पांढरी अळंबी. लहान मुलाच्या कानाएवढी, पातळ, नीट धरली नाही तर हातातच मोडणारी. पानगळीच्या सुरुवातीला दोन-चार दिवस रिपरिप झाली की देवदाराच्या जुन्या बुंध्यावर ती दाटीवाटीने उगवते. दुसऱ्या कुठल्या अळंबीशी तिची गफलत होत नाही, म्हणून पोरांना अळंबी ओळखायला शिकवायचं तर आमच्याकडे हिच्यापासून सुरुवात करतात. पुरुषमाणसं मोठ्या अळंबीच्या मागे पार कड्यापर्यंत जातात आणि कुठे सापडली ते बायकोलाही सांगत नाहीत. कानोका मात्र घरामागची, बायकांची. चुलीवर पाणी ठेवावं आणि मग वेचायला जावं, इतकी जवळची.

हात्सुएसान ती खारवायच्या. हे काम त्यांना सासूने शिकवलं होतं. ओहोळाच्या पाण्यात अळंबी पसरायची, त्यात अडकलेल्या देवदाराच्या काड्या एकेक करून काढायच्या, मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवायची, मग उकळून निथळायची. चिनीमातीच्या बरणीत एक थर अळंबीचा, एक थर मिठाचा. मीठ इतकं घालायचं की खालची अळंबी दिसता कामा नये. वर फळी, फळीवर दगड. माघातल्या बर्फात, हिरवं काही दिसत नाही तेव्हा, त्यातली मूठभर काढून वाहत्या पाण्यात ठेवली की खारटपणा उतरतो आणि पानगळीची चव परत येते. वाडीत सगळ्याच बायका खारवत, पण बाकीच्यांची अळंबी फाल्गुनापर्यंत पिवळी पडे. हात्सुएसानची पांढरी ती पांढरीच. शेजारची त्सुनेको गाडीपाशी सगळ्यांसमोर त्यांना चिडवायची, "हात्सुए, तुझ्या कानोकाला तू पावडर लावतेस की काय गं?"

"मीठ लावते," हात्सुएसान म्हणायच्या. "तुझ्यासारखा हात आखडत नाही, एवढंच."

आणि मग त्याच त्सुनेकोच्या घरी हिवाळ्यात त्यांची पुडी जायची. सगळ्याच घरी जायची. मलाही मिळायची.

शोझोसानची मूत्रपिंडं साठीनंतर गेली. आठवड्यातून तीनदा खालच्या गावातल्या रुग्णालयाची गाडी त्यांना डायलिसिसला न्यायची. तेव्हापासून त्या घरातला स्वयंपाकच बदलला. साराला लागणारं खारट मिसो चमच्याच्या टोकावर, लोणचं बंद, भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. खारवलेली अळंबी तर नावही काढायचं नाही. हात्सुएसाननी खारवणं सोडलं नाही, पण ती आता दुसऱ्यांच्या घरांसाठी. स्वतः त्यांनी त्या बरणीला हात लावला नाही. माझ्याकडचा खारा सामन मासा त्यांना फार आवडायचा. तोही त्यांनी घेणं बंद केलं. तुमच्यापुरता तरी न्या, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, एका घरात दोन चवी कशाला.

शोझोसान कुरकुर करायचे, पण हसून. ताट समोर आलं की विचारायचे, "हे काय, भांडी धुतलेलं पाणी का?"

"हो," त्या म्हणायच्या. "आज भांडी जरा जास्त खरकटी होती, म्हणून चव बरी आलीय."

वर्षभराच्या त्या अळणी जेवणात एकच सण होता, ताज्या कानोकाचा. तिच्या साराला मिठाची फारशी गरज लागत नाही, तिचाच रस उतरतो. रुग्णालयात आहार सांगणाऱ्या मुलीला हात्सुएसाननी आवर्जून विचारलं होतं. उकळून पाणी टाकलेली थोडी अळंबी चालेल, असं ती म्हणाली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

ते वर्ष वादळांचं. उन्हाळा भाजून काढणारा, आणि मग एकामागून एक वादळं. त्यानंतर कानोका अशी फुटली की उतारावरचे बुंधे दिसेनासे झाले. देवळाच्या पायऱ्यांवरून वर पाहिलं तर झाडांमध्ये कुणी धुतलेले कपडे वाळत घातलेत असं वाटे. हात्सुएसाननी टोपल्यांवर टोपल्या आणल्या. एक मोठी बरणी भरली, वाडीत वाटली, आणि घरी सलग चार दिवस संध्याकाळी सार केलं, तोफू आणि वांगं घालून. वांगं घातलं की अळंबीत काही वावगं असलं तरी मरतं, असं त्यांची सासू सांगायची. कानोकात काही वावगं नसतंच, पण हाताला सवय. शोझोसाननी दुसऱ्यांदा मागितलं. त्यांना पातळ जास्त चालत नसे, म्हणून हात्सुएसाननी भांड्यातली नुसती अळंबी निथळून वाढली. ते डोळे मिटून खात होते, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

काही दिवसांनी शोझोसानच्या हातातून जेवायच्या काड्या पडल्या. हात्सुएसाननी उचलून दिल्या, पुन्हा पडल्या. दुसऱ्या दिवशी जीभ जड झाली, पाय ओढला जाऊ लागला. डायलिसिसला नेणाऱ्या ड्रायव्हरने ते पाहिलं आणि रुग्णालयात तसं सांगितलं, म्हणून त्यांना ठेवून घेतलं. मग झटके सुरू झाले. मेंदूला सूज आहे, कशाने ते कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काय काय खाल्लं ते त्यांनी विचारलं. हात्सुएसाननी सगळं सांगितलं, कानोकाही सांगितली. डॉक्टर इकडचाच मुलगा होता. "कानोका होय, माझी आईही करते," असं म्हणून त्याने पुढचं विचारलं. आठवडा संपायच्या आत शोझोसान गेले. बायकोला त्यांनी शेवटी ओळखलंही नाही.

आमच्याकडे मर्तिकाच्या घरी शेजारणी रांधतात. त्सुनेको आणि दोघी-तिघी स्वयंपाकघरात शिरल्या. जेवण शाकाहारी लागतं. फ्रिजमध्ये उकळून ठेवलेली कानोका होती, ती त्यांनी तोफूबरोबर शिजवली. सगळी वाडी जेवली, भिक्षू जेवले, मीही जेवलो. फार चांगली झाली होती. कुणीतरी म्हणालंही, शोझोला आवडलं असतं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे पायऱ्यांशी गाडी लावली. हात्सुएसान नवरा गेल्यावर पहिल्यांदाच खाली आल्या होत्या. त्यांना आधी घेऊ दे म्हणून बायका बाजूला झाल्या. रेडिओ चालू होता. बातम्यांत सांगू लागले, उत्तरेकडच्या काही जिल्ह्यांत मूत्रपिंडाचे आजार असलेल्या बऱ्याच लोकांना अचानक झटके आले, काही दगावले. जवळजवळ सगळ्यांनी एका रानअळंबीचं जेवण केलं होतं. कारण नक्की कळेपर्यंत ती कुणी खाऊ नये. मग त्यांनी अळंबीचं नाव घेतलं, पुस्तकातलं लांबलचक नाव.

मी रेडिओकडे हात नेईपर्यंत सगळं बोलून झालं होतं. वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या मिने आजीला ऐकू कमी येई, आणि पुस्तकातली नावं तर तिला ठाऊकच नव्हती. ती मोठ्याने विचारू लागली, "कुठली गं? कुठली म्हणाला तो?"

बायका माशांच्या खोक्यांत बघू लागल्या. हात्सुएसान अंडी घेत होत्या. त्यांनी ती टोपलीत नीट ठेवली आणि आजीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "कानोका, मिने आजी. आपली कानोका."

मग टोपली उचलून त्या चढ चढून घरी गेल्या.

त्या दिवसापासून वाडीत कानोकाचं नाव कुणी घेतलं नाही. घरोघरची अळंबी लोकांनी गुपचूप टाकून दिली. ओढ्याच्या काठी, कोंबड्यांच्या खुराड्यामागे पांढरे ढीग मला गाडीतून दिसायचे. हात्सुएसान खाली यायच्या तेव्हा बायका बर्फाबद्दल बोलायच्या, माझ्या टायरांबद्दल बोलायच्या. त्यांच्याशी सगळे आधीपेक्षा गोड वागू लागले. त्यांच्या दारात कुणी ना कुणी विकतच्या मिठाईचा डबा ठेवून जाई. पण पूर्वी पानगळीत या घरची अळंबी त्या घरी आणि त्या घरची या घरी जायची, त्या येण्याजाण्यातून त्यांचं घर तेवढं वगळलं गेलं. तुझा दोष नाही असंही कुणी त्यांना म्हणालं नाही, कारण तसं म्हणायचं तर आधी ती गोष्ट तोंडातून काढावी लागली असती.

आरोग्य खात्याची दोन माणसं आली. मिठात घातलेली थोडी आणि बुंध्यावर वाळलेली थोडी, असे नमुने पिशवीत घेतले, किती दिवस, किती वाट्या, ते विचारलं, वाकून नमस्कार केला. बरणीतली बाकीची टाकून द्या, म्हणाले. त्या बरं म्हणाल्या.

एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला, बर्फ पडलं. हात्सुएसान आता प्रत्येक खेपेला तोफू घेऊ लागल्या. मला बरं वाटलं. बाई जेवतेय, सावरतेय, असं वाटलं. माघात एकदा वरचा चढ बंद झाला, म्हणून मी गाडी खाली ठेवून सामान पाठीवर घेऊन दारोदार पोचवत होतो. शेवटचं घर त्यांचं. त्यांनी आत बोलावलं, अंगावरचं बर्फ झाडायला लावलं. स्टोव्हवर भांडं होतं आणि त्यांचं जेवण अर्धं झालं होतं. वाटीत तोफू होता, आणि तोफूपेक्षा पातळ, कडेने मुडपलेलं पांढरं काहीतरी. मी ते इतकी वर्षं खाल्लं होतं. न ओळखायला काय झालं.

मी विचारलं, "हात्सुएसान, ही बरणीतली?"

"हो."

"कधीपासून खाताय?"

"विधी झाला तेव्हापासून. रोज एक वाटी."

त्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या आणि उजवा हात माझ्यासमोर धरला, तळवा खाली करून, बोटं पसरून. हात स्थिर होता.

"बघा," त्या म्हणाल्या. "थरथरत नाही. यांच्या हातातून काड्या पडल्या ना, तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर. नीट धरा म्हणाले. पोरासारखं काय करताय म्हणाले. म्हटलं, कसं होतं ते आपल्याला कळावं. निदान हात तरी कापावेत. पण मला काही होतच नाही, ओनोदेरासान. तीच अळंबी, तेच भांडं, तीच वाटी. मला काही होत नाही."

तुमची मूत्रपिंडं चांगली आहेत, असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग वाटीतलं उरलेलं संपवलं, माझ्यासमोरच, सावकाश, आणि मला पुढच्या खेपेला काय आणायचं ते सांगितलं. चढ उतरताना मला त्या हाताखेरीज काही दिसत नव्हतं.

बर्फ वितळेपर्यंत बरणी संपली. त्यांनी ती धुऊन अंगणात उपडी घातली. त्या वर्षीच्या पानगळीत त्या टोपली घेऊन बाहेर पडल्या नाहीत.

वर्षश्राद्धाला शोझोसानची धाकटी बहीण यासुको सेंदाईहून आली. तिचं तिकडे केस कापायचं दुकान होतं. जिभेने तिखट बाई. स्टेशनवरून मीच तिला गाडीतून वर आणलं, आणि सगळ्या वाटेत, माझी गाडी माशांची आहे की माणसांची, यावरच ती बोलत होती. पुढे जे झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघींचं जुळलं.

भिक्षू गेले, शेजारपाजार जेवून गेला. या वेळी शेजारणी आपापल्या घरून शिजवून घेऊन आल्या होत्या, हात्सुएसानच्या स्वयंपाकघरात कुणी शिरलं नव्हतं. उरल्या दोघी नणंदा-भावजया. यासुको भांडी घासत होती. पाठ न वळवता ती म्हणाली, "वहिनी, दादाला तू किती दिवस वाढलंस ते?"

"चार दिवस."

"दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग तूच घालवलंस त्याला."

हात्सुएसान म्हणाल्या, "हो."

तो हो इतका अलगद निघाला की आपलंच आपल्याला नवल वाटलं, असं त्या मला म्हणाल्या. वर्षभर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो तसाच ओठांशी अडून राहिला होता. त्या स्वयंपाकघरातच जमिनीवर बसल्या आणि रडू लागल्या. नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या, अंत्यविधीत नाही, त्या रेडिओनंतर नाही. यासुकोने त्यांना जवळ घेतलं नाही की गप्प केलं नाही. तिने सगळी भांडी घासून, पुसून फळीवर लावली, हात कोरडे केले आणि मग शेजारी येऊन बसली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी असते तर मीही वाढलं असतं. त्याने मागितल्यावर नाही कोण म्हणणार. पण मी नव्हते, तू होतीस."

"हो," हात्सुएसान पुन्हा म्हणाल्या.

"आता मी चिडणार आहे तुझ्यावर. किती दिवस चिडेन ते सांगता येत नाही."

"चिड तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी यासुकोने दादाने लावलेली झाडं बघायचा हट्ट धरला. शहरातले बूट घालूनच ती उतार चढली. बुंध्यांवर कानोका आली होती, वेचणारं कुणी नसल्यामुळे एकावर एक थर चढलेली. यासुको थोडा वेळ बघत राहिली, मग तिने एका बुंध्याला जोरात लाथ मारली. बूट शेवाळावरून सटकला आणि ती बसकण मारून खाली आपटली. तिच्या केसांत, कोटावर सगळीकडे पांढरे तुकडे. हात्सुएसान तिला उठवायला वाकल्या आणि त्यांना हसू आवरेना. यासुको आधी शिव्या देत होती, मग तीही हसू लागली.

उताराच्या खालच्या अंगाला, ओहोळाकाठच्या पडक्या झाडावर मोदाशी आली होती. मोदाशी ही तपकिरी, बुळबुळीत अळंबी, तिचा कानोकाशी काही संबंध नाही आणि तिच्याबद्दल कधी कुणी काही वाईट ऐकलेलं नाही. यासुको म्हणाली, मला हिचं सार पाहिजे, आईसारखं. हात्सुएसाननी ती वेचली, साफ केली, शिजवली. वाटी भरली. आणि ती वाटी पुढे करायला त्यांचा हात धजेना. दोन्ही हातांत धरून त्या तशाच बसून राहिल्या.

"दे इकडे," यासुको म्हणाली आणि तिने वाटी त्यांच्या हातांतून काढून घेतली. ती जेवत असताना, आणि नंतर झोपेपर्यंत, हात्सुएसान तिच्या हातांकडे बघत होत्या.

ती चार दिवस राहिली. जाताना गाडीत माझ्या शेजारी बसून म्हणाली, "वाडीतली माणसं फार चांगली आहेत हो. इतकी चांगली की बाईचा जीव जायचा."

मग दर पानगळीत यासुको येऊ लागली. दोघी मिळून मोदाशी वेचत, खारवत, आणि एक बरणी सेंदाईला जाई. तिथे दुकानात येणाऱ्या बायकांना ती खायला घालायची आणि त्या काय म्हणाल्या ते फोनवर सांगायची. मधल्या काळात हात्सुएसान एकट्याच. एका हिवाळ्यात त्यांनी धीर केला आणि मोदाशीची पुडी त्सुनेकोला दिली. त्सुनेकोने ती दोन्ही हातांनी घेतली, खूप आभार मानले. दोन दिवसांनी मी वर गेलो, तेव्हा तिने ती पुडी अंगाआड लपवत माझ्या हातात दिली.

"तुमच्या कोंबड्यांना घाला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आमच्या यांना डॉक्टरांनी परवाच मूत्रपिंडाचं काहीतरी सांगितलंय. मला माहीत आहे हो, ही मोदाशी आहे. माझा तिच्यावर राग नाही. पण हात होत नाही माझा, काय करू."

मी ती कोंबड्यांना घातली नाही. घरी बायकोला दिली आणि आम्ही खाल्ली. हात्सुएसानना मी यातलं काही बोललो नाही. पण पुढच्या वर्षी त्यांनी कुणालाच पुडी दिली नाही, म्हणजे त्यांना कळलं असणार.

पुढे यासुकोचे गुडघे गेले, तिला वर येणं जमेना. तिने हात्सुएसानना एका हिवाळ्यासाठी सेंदाईला नेलं. मी म्हटलं, सुटल्या. पण बर्फ पुरतं वितळायच्या आधीच त्या परत आल्या. मी विचारलं, करमलं नाही का, तर म्हणाल्या, तिकडे सगळं चांगलं होतं, दिवसभर घर उबदार असायचं, आणि यासुकोची मुलगी त्यांना भांड्याला हात लावू द्यायची नाही. दोन वर्षांनी यासुको दुकानातच बसल्या बसल्या गेली. हात्सुएसान अंत्यविधीला जाऊन आल्या. नंतर कधी यासुकोचा विषय निघाला तर म्हणायच्या, ती माझ्यावर शेवटपर्यंत चिडलेली होती. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

माझे डोळे अधू झाले तसा मी धंदा बंद केला. उबासावात आता दिवा लागतो तो चार घरांत. मिने आजी कधीच गेली. त्सुनेकोचा नवराही गेला, वयाने, आणि त्सुनेको मुलाकडे राहायला गेली. गेल्या पानगळीत माझा जावई त्या बाजूला निघाला होता, तर मी त्याच्याबरोबर वर गेलो.

हात्सुएसान ओसरीवर मोदाशी निवडत बसल्या होत्या. टोपली अर्धीच होती. पाठ पार वाकली आहे, पण बोटं चालतात. मी आलो ते त्यांना आवडलं. कोण कोण गेलं, कुणाची घरं पडली, अस्वलं आता अंगणापर्यंत येतात, असं आम्ही बोलत बसलो. एवढी अळंबी एकटीला संपते का, असं मी विचारलं. नव्या वर्षापर्यंत पुरते, म्हणाल्या. आत स्टोव्हवर सार उकळत होतं. वास बाहेरपर्यंत येत होता.

मी म्हणालो, "हात्सुएसान, मला एक वाटी मिळेल का?"

त्यांनी हातातली अळंबी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं वय काय झालं, ओनोदेरासान?"

"अठ्ठ्याहत्तर."

"रक्त तपासता का? मूत्रपिंडाचं?"

"तपासलं नाही कधी. ठीकच असणार."

"मग चहा घ्या," त्या म्हणाल्या.

त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. बरोबर भाताचे पापड होते, विकतचे, पाकीट न फोडलेलं. ते त्यांनी माझ्यासमोर फोडलं. मी चहा प्यायलो. जावयाने खालून हॉर्न वाजवला तेव्हा त्या निवडून झालेली मोदाशी पाण्यात टाकत होत्या, आणि सावकाश जा, रस्ता ओला आहे, असं त्यांनी मला तिथूनच सांगितलं.